जावेच्या ताटातले बदाम

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर भाजी विकली, पण भाजीवर त्यांचा विश्वास कधी बसला नाही. जे आपल्या मळ्यात उगवतं त्यात काय मोठं असणार, असं त्यांचं म्हणणं. त्या आता या जगात नाहीत, म्हणून मी हे मोकळेपणानं लिहिते आहे. असत्या तरी लिहिलं असतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मलाही येत नव्हतं. अक्षरं शिकले ती केस पांढरे झाल्यावर, धाकट्या जावेच्या मुलाकडून. तो मास्तर आहे. माझी वही बघून म्हणतो, "मोठीमाय, तुमचं अक्षर भेंडीसारखं हाय, लांब अन बुळबुळीत." मी त्याला सांगते, भेंडी विकूनच तुझ्या आजानं तुझ्या बापाला वाढवलं. मग तो पुढची ओळ तपासतो.

आम्ही माळी. अमरावतीच्या परकोटाबाहेर आमचा मळा होता. विहीर होती, मोट होती, मेथीचे, वांग्याचे, चवळीचे वाफे होते आणि बांधाला झेंडू. सासूबाई रोज सकाळी टोपलं डोक्यावर घेऊन परकोटाच्या आत जायच्या आणि ठरलेल्या घरी भाजी टाकून दुपारपर्यंत परतायच्या. त्या घरांत एक घर कापसाच्या आडत्याचं होतं. शेतकऱ्यांचा कापूस विकून देणारा हा मोठा माणूस. त्याच्या मागच्या ओसरीवर पितळी वाटीत बदाम भिजत घातलेले असायचे आणि वाटीशेजारी त्याचा नातू बसलेला असायचा. सासूबाई टोपलं उतरवून घाम पुसेपर्यंत तो पोरगा सगळे पाढे म्हणून मोकळा व्हायचा आणि मग उलटे म्हणायला लागायचा.

सासूबाईंनी हे पुष्कळ दिवस पाहिलं. त्या घरच्या बायका पांढरा भात खातात, साखर खातात, दिवस गेले की बदाम खातात, आणि पोरं अशी निपजतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्याच घरात रोज मेथीची जुडी आणि चवळीच्या शेंगा कोण नेऊन टाकतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्या स्वतःच टाकत होत्या.

मग कापसाला भाव आला. सात समुद्रापलीकडे कुठल्याशा देशात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमचा जायला लागला. आम्हाला कळलं ते एवढंच, आणि तेही उशिरा. पण भाव कळला लगेच. वऱ्हाडातला जो तो कापूस पेरायला धावला. माझ्या सासऱ्यांनी एका उन्हाळ्यात सगळे वाफे मोडले. वांग्याची झाडं उपटली, चवळीचे मांडव पाडले, आणि जिथे मेथी व्हायची तिथे कापूस लावला. दिवाळीच्या पुढे-मागे पहिला कापूस अमरावतीच्या बाजारात गेला आणि सासरे परत आले तेव्हा बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चमकत होत्या. बैलांना त्याचं विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

असं आमच्या माळ्याच्या घरात भाजी मिळेनाशी झाली. उरली ती विहिरीच्या पाटाकडेला आपोआप उगवणारी घोळीची रानभाजी आणि बांधावरची अंबाडी. त्यांना कुणी उपटत नव्हतं, कारण त्या कापसाच्या आड येत नव्हत्या.

सासऱ्यांना बाजारात एकच गोष्ट खुपायची. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात, आणि सौदा होतो. मग आडत्याचा माणूस काहीतरी लिहितो. काय लिहितो ते तोच जाणे. सासरे घरी येऊन म्हणायचे, "घरात एक डोकं पाह्यजे. लिहिणारं." सासूबाई म्हणायच्या, "त्याची तजवीज म्या केली हाय."

तजवीज म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. नवससायास झाले होते, गंडेदोरे झाले होते, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले. मलाही त्याच सुमारास गेले, पण मी तेव्हा घरातली धाकटी. नांदायला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. माझ्या पोटात काय आहे, याची कुणाला घाई नव्हती. एका घरात एक डोकं पुरे, असं सासऱ्यांचं मत होतं.

तेव्हापासून जावेचं ताट वेगळं झालं. काळं खाल्लं की लेकरू काळं होतं आणि डोक्यानं जड निपजतं, पांढरं खाल्लं की गोरं होतं आणि डोकं चालतं, असा नियम घरात लागू झाला. तीळ बंद. जवस बंद. उडीद, वांगी, काळा गूळ बंद. अंबाडी तर मजुरांचं खाणं, तिचं नावच काढायचं नाही. ज्वारीची भाकरीही बंद झाली. ज्वारी पांढरी असते, असं मी एकदा म्हणून पाहिलं. भाकरीला तव्याचे काळे डाग पडतात, असं उत्तर मिळालं. जावेच्या ताटात विकतचा भात, त्यावर साखर, तूप, आणि कडेला सोललेले बदाम. सकाळी तेच आणि दुपारी तेच. तिला दृष्ट लागू नये म्हणून मधल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं होतं, ज्वारीच्या कणगीशेजारी. कणगी तशी रिकामीच होती, ज्वारी आता विकत यायची.

मी त्या वेळी चांगली ठणठणीत होते आणि मला बदाम हवे होते. जिवाचा नुसता तळमळाट व्हायचा. बदामाचा वास येत नाही म्हणतात, पण मला अंगणातून यायचा. मी सासूबाईंना सांगितलंही, कारण पोटुशीचे डोहाळे पुरवायचे असतात, नाहीतर लेकराच्या तोंडातून लाळ गळते, हे त्याच मला सांगत होत्या. त्या म्हणाल्या, "तुले कायचे बदामाचे डोहाळे वं? तू तं अंजनगावची. तुह्या बापानं कधी पायले का बदाम?"

माझ्या बापानं बदाम पाहिले नव्हते हे खरं होतं. अंजनगावला आमचा पानमळा होता, थोडी भाजी होती, आणि एका तुकड्यात जवस. तो तुकडा त्यानं कापसाच्या वर्षीही मोडला नाही. लोक हसले. येता-जाता कुणी अमरावतीला निघालं की तो माझ्यासाठी गाडग्यात जवसाची चटणी पाठवायचा. सासूबाई ते गाडगं लांबूनच बघायच्या आणि म्हणायच्या, "ठेव तिकडं. थोरलीच्या खोलीत नेऊ नोको."

सासूबाईंची एक अडचण होती. आधी निंदणाऱ्या बाया आणि पुढे कापूस वेचणाऱ्या बाया, यांच्यावर दुपारभर नजर ठेवावी लागायची. भाव इतका चढला होता की एखादी बाई ओटीत मूठभर कापूस लपवून नेईल, अशी त्यांना धास्ती. म्हणून दुपारी त्या मळ्यात उभ्या राहायच्या आणि जावेला जेवायला घालायला मला घरी पाठवायच्या. ताट आधीच वाढून ठेवलेलं असायचं. मी फक्त आत न्यायचं.

श्रावणातली गोष्ट असेल. मी ताट घेऊन खोलीत गेले तर जाऊ भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या ओठांना माती लागली होती. कणगीमागच्या भिंतीला तिनं नखानं खळगा पाडला होता, नारळाच्या कवटीएवढा. पोटुशी बाई मातीचा खडा तोंडात टाकते, त्यात नवल नाही. पण ही भिंतच खायला निघाली होती. चेहरा पिवळा पडला होता, पाय सुजले होते, आणि भाताचं ताट पुढे ठेवताच तिनं तोंड फिरवलं.

"तू काय खाऊन आली वं?" तिनं विचारलं.

"अजून काई नाई, जाऊबाई. भाकर हाय, घोळीची भाजी हाय. अन माहेरची चटणी."

"जवसाची?"

"हो."

"इकडं आण."

"आत्याबाईनं पायलं तं?"

"थे मळ्यात बायाईवर पहारा देऊन राहिली. आण म्हणते ना."

मी माझी भाकर आणली. तिनं कोर मोडली, चटणीवर तेल सोडलं आणि पहिला घास तोंडात घातला तसं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चटणी तिखट होती हे खरं, पण तेवढी नव्हती. भाकर संपली, भाजी संपली, बोटं चाटून झाली. मग तिनं स्वतःचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "हे तू खाय. मले पायवत नाई. अन थे बदाम बी घेऊन टाक."

मी घेतले. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्या दिवसापासून आमचा हा क्रम सुरू झाला. दुपारी मी ताट आत न्यायची, ती माझी भाकर खायची, मी तिचा भात खायची. भाताला चव अशी नव्हतीच, पण साखर होती, तूप होतं आणि बदाम होते. मी बदाम सगळ्यात शेवटी खायची, एकेक, डोळे मिटून. तिच्यासाठी म्हणून मी पाटाकडेची घोळ जास्त खुडायला लागले, अंबाडी आणायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "लई खाऊन राहिली वं धाकटी." मी म्हटलं, "होय, आत्याबाई." भिंतीतला खळगा तेवढाच राहिला. जावेच्या तोंडावर रंग आला. सासूबाई शेजारणींना बोलावून तिचा चेहरा दाखवायच्या आणि सांगायच्या, "बदाम अंगी लागले पाय." शेजारणी माना डोलवायच्या. मी बाजूला बसून भाकरी थापत असायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. जावेला आई नव्हती, म्हणून ती राहिली. मला न्यायला माझा बाप सातव्या महिन्यात गाडी घेऊन आला. सासूबाईंनी त्याला गूळ नाही, नुसतं पाणी दिलं, आणि सांगितलं, "वेचणी चालू हाय. बाया भेटून नाई राहिल्या. लेकीले कायले नेता?" बाप रिकामी गाडी घेऊन परत गेला. जाताना त्यानं चटणीचं गाडगं माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता बैलांना हाकललं. सासूबाईंचा मला सगळ्यात जास्त राग कधी आला असेल तर त्या दिवशी आला, आणि तो अजून आहे. मी पोट सावरत, वाकून, सूर्य डोक्यावर येईपर्यंत कापूस वेचत होते. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटायची.

माघात जाऊ बाळंत झाली. मुलगा. बाहेर येताच असा रडला की बाहेर बैल दचकले. सासऱ्यांनी साखर वाटली. पुढच्या आठवड्यात मी. मला फार वेळ लागला. मुलगी झाली, आणि ती रडेना. सुईणीनं तळपायांवर मारलं, कानाशी काशाचं ताट बडवलं. बऱ्याच वेळानं ती बारीकशी कण्हली, उगाच त्रास नको म्हणून कण्हल्यासारखी. सुईण म्हणाली, "जीव हाय." मला तेवढं पुरे होतं.

पुतण्यानं तिसऱ्या महिन्यात मान धरली. माझ्या लेकीनं धरली तेव्हा तो अंगणभर रांगत होता. तो बोलायला लागला, ती बघत राहायची. तो धावायला लागला, ती भिंत धरून उभी राहायला शिकली. आणि तिची लाळ गळायची. चांगली तीन वर्षांची होईपर्यंत गळायची. बाया मला म्हणायच्या, "डोहाळे राहिले असतीन वं तुह्ये." माझा एकही डोहाळा राहिला नव्हता. पण हे सांगणार कुणाला?

आम्ही दोघी जावा त्याबद्दल कधीच बोललो नाही. तसं काही ठरवलं नव्हतं. तिचा मुलगा घरचं डोकं होता, बदामाचं पोर म्हणून गल्लीत त्याची ख्याती होती. तिनं तोंड उघडलं असतं तर त्या ख्यातीतून हवाच गेली असती. आणि मी तोंड उघडलं असतं तर लोक काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. आईच्या जिभेपायी पोरगी अशी झाली, असंच म्हणाले असते. मी काही चोरलं नव्हतं. दिलं ते खाल्लं होतं. पण माझ्या लेकीकडे बोट दाखवायला आणखी एक कारण मी कुणाला का देऊ?

जाऊ मात्र माझ्या लेकीला फार जपायची. तिची वेणी घालायची, लाळ पुसायची, तिला झेंडूची फुलं ओवायला शिकवायची. ते लेकीला जमलं. ती माळ संथपणे ओवायची, पण एकही फूल उलटं लागायचं नाही.

खाण्यानंच असं झालं का, हे मला आजही सांगता येत नाही. मास्तर म्हणतो की आता डॉक्टर लोकही मानतात, आई खाते त्यावरच पोटातल्या लेकराचा मेंदू पोसतो. असेल. बाळंतपणाला वेळ लागला तेही असेल. मी सकाळ-संध्याकाळ भाकरच खात होते, बदल होता तो दुपारच्या ताटाचा. आणि रोज दुपारपर्यंत वाकून कापूस वेचत होते ते कुणी धरलंच नाही. मी आयुष्यभर रोपं लावली. वाफ्यात खत नसलं तर रोप पिवळं निघतं, आणि खत असूनही एखादं पिवळं निघतं. हे माझ्या सासूबाईंनाही माहीत होतं, रोपांच्या बाबतीत.

सासूबाई रोज सकाळी पुतण्याला पुढ्यात बसवून भिजलेले बदाम सोलून भरवायच्या, डोकं टिकावं म्हणून. माझी लेक शेजारी जाऊन बसायची आणि हात पुढे करायची. सासूबाई वाटी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायच्या. "तुह्या डोक्याले काय उपेग?" त्या रागावून म्हणत नसत. खरोखरच त्यांना तो उधळेपणा वाटायचा. मग लेक खाली पडलेली बदामाची सालं एकेक करून वेचायची आणि चोखत बसायची. मी ते बघायची आणि कामाला निघून जायची. त्या वाटीला लाथ मारावी असं मला रोज वाटायचं. मी मारली नाही, कारण मग जेवायला कुणी घातलं असतं?

पुढे ती समुद्रापलीकडची लढाई संपली आणि आमच्या कापसाचा भाव पडला. शिंगांवरच्या शेंब्या एक दिवस दिसेनाशा झाल्या. सासऱ्यांनी गुपचूप मेथीचे वाफे पुन्हा बांधले, सासूबाईंनी टोपलं उचललं, आणि आम्ही परत माळी झालो. बदाम मात्र चालूच राहिले, घरात दुसरं काही विकत येवो न येवो. त्याच सुमारास धाकट्या दिराचं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातली. आता घरातली धाकटी ती. आमच्या विहिरीचं पाणी प्यायली की म्हणायची, "किती गोड हाय वं!" चटपटीत होती, सगळ्यांशी बोलायची, माझ्या लेकीशीही. वर्षभरात तिला दिवस गेले.

तिला मधल्या खोलीत बसवलं. पांढरं ताट सुरू झालं. मळ्यात आता मेथी होती, चवळी होती, वांगी होती, पण तिच्या ताटात काहीच जात नव्हतं. आणि दुपारी मळ्यात पहारा नव्हता. सासूबाई तिच्यासमोर बसून शेवटचं शीत संपेपर्यंत उठत नसत. ती खायची आणि मागच्या दारी जाऊन ओकायची. बडबड थांबली. हातापायांच्या काड्या झाल्या.

तिच्या डोहाळजेवणाच्या दिवशी मी त्या खोलीत पाट आणायला गेले. कणगी सरकवली तर भिंतीतला तो जुना खळगा दिसला. मधे तो लिंपून घेतला होता. आता तिथे पुन्हा उकरलेलं होतं, ओलं, नखांच्या खुणांसकट, आणि खळगा हांडी बसेल एवढा झाला होता. मी तिथेच उभी राहिले. थोरली जाऊ माझ्या मागून आली. तिनंही पाहिलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी पाट घेऊन बाहेर गेलो.

बाहेर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. धाकटीला हिरवं लुगडं नेसवून, झेंडूच्या माळा घालून बसवलं होतं. माळा माझ्या लेकीनं ओवल्या होत्या. पिवळ्या फुलांत ती पिवळी मुलगी नीट दिसतही नव्हती. पुढ्यात पांढरं ताट. सासूबाईंनी पुतण्याला मधे उभं केलं आणि त्यानं सगळे पाढे म्हणून दाखवले. आडत्याच्या नातवासारखे, उलटेसुद्धा. बाया अवाक झाल्या. "हे बदामाचं काम," सासूबाई म्हणाल्या आणि धाकटीच्या तोंडाशी भाताचा घास नेला. तिनं तो घेतला, आणि तिला उमासा आला.

"तिले भाकर द्या, आत्याबाई," मी म्हटलं. "भाजी द्या. थे माती खाऊन राहिली."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यात माझी लेक उरलेली फुलं ओवत बसली होती. तिच्याकडे हात करून त्या बायांना म्हणाल्या, "भाकरीचं फळ थे पाहा ना. बसली हाय."

बाया हसल्या नाहीत, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. चार वर्षं मी गिळत आले होते ते सगळं तेव्हा वर आलं.

"थे भाकरीचं नाई!" मी ओरडले. "थे तुमच्या बदामाचं फळ हाय! बदाम म्या खाल्ले. भात म्या खाल्ला. रोज दुपारी. तुमच्या थोरलीनं माही भाकर खाल्ली, माह्या बापाची चटणी खाल्ली, अन पाटाकडची घोळ खाल्ली. आता बोला."

बोलून झालं आणि मला कळलं मी काय केलं ते. आता बाया माझ्या लेकीकडे पुन्हा बघत होत्या, वेगळ्या नजरेनं. आणि जाऊ नाही म्हणाली असती तर मी खोटी ठरले असते, वर वेडी. तिला नाही म्हणण्यात सगळाच फायदा होता. तिचा मुलगा मधे उभा होता, पुढचा पाढा म्हणू का विचारत.

जाऊ उठली. "खरं हाय," ती म्हणाली. "म्या बदाम तोंडात बी नाई घातले." मग ती चुलीपाशी गेली, टोपल्यातली भाकर काढली, तिच्यावर अंबाडीची भाजी घातली आणि जवसाची चटणी ठेवली. धाकटीपुढचं ताट बाजूला सारून तिनं ती भाकर तिच्या हातात दिली. धाकटीनं सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि खायला सुरुवात केली. मग तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. त्या पोटातून पुढे जो निघाला, तोच माझ्या अक्षराला भेंडी म्हणतो. भाकरीमुळे तो मास्तर झाला, असं मी म्हणणार नाही. त्याची आई मुळातच हुशार होती.

सासूबाईंनी बाजूला सारलेलं ताट स्वतःकडे ओढलं. त्या मनातल्या मनात सगळं परत लावून बघत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे थे बदाम वायाच गेले म्हणा."

एवढंच.

कोपऱ्यातून माझी लेक उठली. तोवर ती एखादाच शब्द बोलायची. आई, पाणी, फूल. दोन शब्द जोडून तिनं कधी काही म्हटलं नव्हतं, आणि पुढे म्हणेल असं मीही धरून चालले नव्हते. ती भिंत धरत धरत मधे आली आणि पुतण्यासमोर उभी राहिली. तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिच्याकडे बघवेना.

"बदाम," ती म्हणाली. मग थांबली, आणि सगळा जोर लावून म्हणाली, "म्या बी खाल्ले."

पुतण्या म्हणाला, "हो का?"

ती एकेका बाईपुढे गेली आणि प्रत्येकीला तेच सांगितलं. म्या बी खाल्ले. सासूबाईंनाही सांगितलं. सासूबाईंनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे आली, माझं लुगडं धरलं आणि वर बघून विचारलं,

"गोड व्हते?"

मला रडू आवरेना. ती उत्तराची वाट बघत होती.

"व्हते, माय," मी म्हटलं. "लई गोड व्हते."

तिला खोटं कशाला सांगू? गोडच होते.